नजरेने लिहिलेली अक्षरे

वाचकहो, तुम्ही पुण्याला येता तेव्हा एस. टी. बहुधा तुम्हाला स्वारगेटला आणून सोडते. परत जाताना तिथल्याच फलाटांवर उभे राहून आपण गाड्यांच्या पाट्या पाहतो. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, भोर, सासवड. आपल्याला वाटते, आपली नजर या पाट्यांवरून रांगोळीच्या रेघेसारखी सरळ फिरत गेली. प्रत्यक्षात तसे होत नाही. डोळा उडी मारतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी मारतो. एका सेकंदात अशा तीन-चार उड्या होतात. जे काही आपण वाचतो ते थांबलेल्या क्षणी वाचतो. उडी चालू असताना डोळ्याला जवळजवळ काहीच स्पष्ट दिसत नाही. आपल्या गावाची पाटी सापडली की नजर तिथे रेंगाळते. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तुमच्या डोळ्यांकडे नीट पाहिले, तर तुम्ही न बोलता त्याला कळेल की तुम्हाला कुठे जायचे आहे!

एवढ्याशा गोष्टीवर आज एक मोठी विद्या उभी आहे. हात हलत नाही, जीभ वळत नाही, अशी माणसे केवळ नजरेने संगणकावर अक्षरे उमटवतात. ही विद्या कशी जन्माला आली आणि आपल्या मराठीचा तिच्याशी काय संबंध, ते आज पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी शेवटपर्यंत साथ द्यावी, कारण शेवटी त्यांच्यासाठी एक काम आहे.

डोळा वाचताना उड्या मारतो हे १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत ध्यानात आले. पण उडी मोजायची कशी? अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई याने एक अघोरी उपाय काढला. डोळ्यावर बसेल अशी प्लास्टरची इवलीशी वाटी केली, तिला ॲल्युमिनियमचा हलका काटा जोडला आणि डोळा बधिर करून वाचणाऱ्याच्या बुबुळावर ती बसवली! डोळा हलला की काटा काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. असा छळ फार दिवस चालणे शक्य नव्हते. १९०१ साली डॉज आणि क्लाइन या दोघांनी डोळ्याला हात न लावता काम साधले. डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्यावर प्रकाशाचा जो ठिपका चमकतो, त्याचेच त्यांनी सरकत्या काचेवर छायाचित्र घेतले. डोळ्यात चमकणारा तो ठिपका ध्यानात ठेवा. पुढे त्याचीच लेखणी होणार आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. मराठी अक्षर यंत्रावर चढले कसे? मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापाचे एक बरे असते. हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरते, त्यामुळे कितीही जोडाक्षरे असोत, अडत नाही. खरी अडचण आली ती शिशाच्या खिळ्यांची. इंग्रजीला छोटी-मोठी अक्षरे आणि चिन्हे धरून शंभराच्या आसपास खिळे पुरतात. आपल्याला मूळ अक्षरे, त्यांच्या काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे असे शेकडो खिळे लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांची सुबकता देशभर वाखाणली गेली. पण जुळाऱ्याला हात पसरून अवाढव्य खण चाळावे लागत ते लागतच. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणण्याचा उद्योग आरंभला होता, तो याच त्रासापायी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु' अशी 'अ'चीच बाराखडी सुचवली. एका काळात ती 'किर्लोस्कर' मासिकात छापलीही जात होती.

मग टंकलेखन यंत्र आले. त्याला कळा असतात पन्नासाच्या आत. एका कळेवर दोन अक्षरे धरली तरी शंभराच्या आत सारी मराठी कोंबायची! म्हणून अर्धी अक्षरे वेगळी केली, काना वेगळा केला. अर्ध्या 'ख'ला काना लावला की 'ख' पुरा होई. ऱ्हस्व वेलांटी बोलताना मागून येते, पण यंत्रावर ती आधी मारावी लागे. स्वारगेटहून साताऱ्याच्या गाडीत बसलात की घाट उतरल्यावर शिरवळ लागते. भारतात बनलेले पहिले टंकलेखन यंत्र गोदरेज कंपनीने १९५५ साली बाजारात आणले, आणि अगदी अखेरच्या काळात, २००९ पर्यंत, त्यांची ही यंत्रे शिरवळच्या कारखान्यात होत होती. तालुक्या-तालुक्यातल्या टायपिंगच्या क्लासांतून हजारो मुलामुलींनी बोटे झिजवली ती मिनिटाला तीस मराठी शब्दांची परीक्षा पास होण्यासाठी. तीस शब्द हा आकडाही ध्यानात असू द्या.

संगणक आला तेव्हा हेच कोडे नव्याने पुढे आले. या वेळी मात्र आपल्या माणसांनी ते वेगळ्या बाजूने सोडवले. कानपूरच्या आय. आय. टी.त नागरीसाठी संगणकाचे यंत्र तयार झाले, १९८३ साली दिल्लीच्या जागतिक हिंदी संमेलनात ते लोकांना दाखवले गेले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम इथे आले. या लोकांनी अक्षराचा आकार बाजूला ठेवला आणि उच्चाराला हात घातला. 'क' आणि त्याच्या पाठोपाठ वेलांटी एवढे तुम्ही सांगा. 'कि' कसा काढायचा ते यंत्र पाहून घेईल. त्यांच्या कळफलकाला इनस्क्रिप्ट म्हणतात. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी वाटणी आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मान्यता दिली. खिळे मोजत बसण्याचे दिवस संपले.

पण मंडळी, या साऱ्या इतिहासात एक गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, कारण ती सगळ्यांनी गृहीतच धरली होती. जुळाऱ्याला हात होते. टंकलेखकाला दहा बोटे होती. इनस्क्रिप्टलाही डावा-उजवा असे दोन्ही हात हवेत. ज्याचा हातच चालत नाही त्याने काय करायचे?

असे लोक थोडे असतील असे समजू नका. जन्मताना मेंदूला इजा होऊन ज्यांचे स्नायू ताब्यात राहत नाहीत अशी मुले गावोगाव आहेत. पक्षाघाताने वाचा आणि हात दोन्ही गेलेली माणसे आहेत. काही दुखण्यांत तर एकेक स्नायू मालवत जातो आणि बुद्धी मात्र लख्ख जागी राहते. अशा दुखण्यांत पुष्कळदा डोळ्यांची हालचाल सर्वांत शेवटपर्यंत टिकते. घर जळाले तरी एक खिडकी शाबूत राहावी, तसे.

मुंबईत मिठू आलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने बांधलेल्या. त्यांनी एका बोटाने टंकलेखन करून आपले आत्मकथन लिहिले आणि त्याला नाव दिले 'वन लिटल फिंगर', म्हणजे एक इवलेसे बोट. २००१ च्या जानेवारीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आले होते. चाकांच्या खुर्चीतला तो माणूस बोटाखालच्या खटक्याने पडद्यावरचे शब्द निवडी आणि यंत्र ते बोलून दाखवी. पुढे बोटही थकले, तेव्हा गालाच्या हालचालीवर खटका बसवला. नजरेची यंत्रेही त्यांनी करून पाहिली. पण गालाचा खटकाच त्यांना अधिक भरवशाचा वाटला. यातून एक धडा घ्यावा: ज्याचे जे अंग चालते, तेच त्याचे बोट.

आणि फ्रान्समधला झाँ-दोमिनिक बोबी. १९९५ च्या डिसेंबरात या संपादकाला मेंदूचा झटका आला. शुद्धीवर आला तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी तेवढी त्याच्या ताब्यात उरली होती. समोर बसलेली लेखनिक बाई एकेक अक्षर मोठ्याने म्हणे. हवे ते अक्षर आले की हा पापणी मिटे. एकेका अक्षराने शब्द झाला, शब्दाशब्दाने पुस्तक झाले. १९९७ च्या मार्चमध्ये पुस्तक बाहेर पडले आणि त्यानंतर दोनतीन दिवसांतच तो गेला. त्या पुस्तकामागे कुठलेही यंत्र नव्हते. होता एक धीराचा माणूस, जो समोर बसून वाट पाहत होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

आता यंत्राकडे वळू. पडद्याखाली एक लहान कॅमेरा बसवतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चेहऱ्यावर सोडतात. डोळ्यात तो ठिपका चमकतो, डॉज आणि क्लाइनने टिपला होता तोच. मान स्थिर असेल तर डोळा फिरला तरी ठिपका फारसा हलत नाही, पण बाहुली हलते. ठिपका आणि बाहुली यांच्यातले अंतर व दिशा मोजली की नजर पडद्यावर कुठे आहे ते गणिताने निघते. आधी माणसाला पडद्यावरच्या पाच किंवा नऊ खुणांकडे पाहायला सांगतात, म्हणजे यंत्राला त्याच्या डोळ्याची ओळख पटते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेत अशी यंत्रे अपंगांसाठी तयार होऊ लागली.

पण त्यात एक मौज झाली. डोळा हा पाहण्यासाठी आहे. त्याला लिहिण्याची सवय नाही. तुम्ही नुसते 'क'कडे पाहिले की यंत्र 'क' लिहून टाकी! पाहावे तिकडे अक्षर उमटे. रॉबर्ट जेकब या संशोधकाने १९९० च्या सुमारास या अडचणीला मिडास राजाचे नाव दिले. तो राजा ज्याला हात लावी ते सोने होई आणि शेवटी जेवणाचेही सोने होऊन तो उपाशी राहिला. आपण त्याला भस्मासुराची अडचण म्हणू; वर खरा, पण आवरता न येणारा. यावर तोड निघाली ती रेंगाळण्याची. अक्षरावर नजर अर्धा-एक सेकंद टिकली तरच ते लिहायचे, नाहीतर सोडून द्यायचे. स्वारगेटच्या फलाटावर आपल्या गावाच्या पाटीवर नजर रेंगाळते, तीच ही खूण.

या रीतीने मिनिटाला पाच ते दहा शब्द लिहून होतात. चांगल्या सरावाने वीसाच्या घरात जातात. केंब्रिजचे डेव्हिड मॅके आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वॉर्ड यांनी २००२ साली वेगळीच वाट दाखवली. त्यांच्या यंत्रात अक्षरे उजवीकडून वाहत येतात आणि नजर त्यांतून रस्ता काढत जाते. पुढे येण्याचा संभव ज्या अक्षराचा अधिक, त्याचे घर मोठे. तरीही टायपिंगच्या परीक्षेतले तीस शब्द गाठणे कठीणच. मग कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्याला उत्तर सोपे आहे. ज्याच्या खात्यात शून्य शब्द होते, त्याला मिनिटाला पाच शब्द ही दौलत आहे. 'पाठ दुखते', 'कूस बदला', 'बाबांना बोलवा' या वाक्यांना मिनिटसुद्धा लागत नाही, आणि त्यांच्यावाचून माणूस रात्रभर तळमळत राहतो.

यंत्रे आता पूर्वीसारखी दुर्मीळ राहिलेली नाहीत. विंडोज संगणकात २०१७ पासून नजरेने चालवण्याची सोय आहे; त्यासाठी वेगळा कॅमेरा मात्र जोडावा लागतो. गुगलने २०२० साली साध्या फोनसाठी एक विनामूल्य सोय काढली. तिच्यात डावीकडे, उजवीकडे आणि वर पाहून ठरावीक वाक्ये निवडता येतात. ॲपलनेही २०२४ मध्ये फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर नजरेने काम करण्याची सोय दिली. नागरी लिपीसाठीही प्रयत्न झाले आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली नजरेने चालणारा हिंदीचा कळफलक मांडला. आय. आय. टी. मुंबईत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्वरचक्र' हा फोनचा कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उभी राहते. तो बोटासाठी आहे, पण त्यामागचा विचार असा की आपली वर्णमाला विस्कळीत ढीग नाही. तिला घडी आहे.

या घडीकडे जरा बारकाईने पाहा. इंग्रजीत ए नंतर बी का, याला काही कारण सांगता येत नाही. आपल्याकडे कंठातून निघणारा 'क' वर्ग, मग टाळूचा 'च', मग 'ट', दातांचा 'त' आणि ओठांचा 'प'. पाच वर्ग, दर वर्गात पाच अक्षरे. म्हणजे पंचविसांतले कोणतेही अक्षर दोन खुणांत सांगता येते: वर्ग कोणता आणि त्यातले कितवे. ज्या लिपीने छापखान्याला शेकडो खिळ्यांचा भार दिला, तीच लिपी नजरेच्या कामाला किती सोयीची आहे!

तेव्हा आता शिक्षकांसाठी काम. यंत्र येईल तेव्हा येवो. आज तुम्ही एक पाटी करा. परदेशांत अशी पाटी गेली अनेक दशके वापरात आहे. तिला आपण आपल्या वर्णमालेचा साज देऊ. पारदर्शक जाड प्लास्टिकचा हातभर रुंद तुकडा घ्या. मधोमध मोकळी जागा ठेवा, त्यातून तुम्ही आणि मूल एकमेकांचे डोळे पाहाल. कडेने आठ जागा आखा: वरच्या बाजूला एक, दोन, तीन, मध्ये डावीकडे चार, उजवीकडे पाच, खाली सहा, सात, आठ. पहिल्या पाच जागी क, च, ट, त, प हे वर्ग लिहा. सहाव्या जागी य, र, ल, व आणि अ. सातव्या जागी श, ष, स, ह, ळ. आठव्या जागी स्वर: आ, इ, उ, ए, ऐ, ओ, औ आणि अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नको. ऐकणारा समजून घेतो. अक्षरे मुलाच्या बाजूने वाचता येतील अशी लिहा. त्याचा डावा तो तुमचा उजवा, हे मात्र विसरू नका.

मूल पहिल्यांदा वर्गाच्या जागेकडे पाहील, मग तुमच्याकडे. दुसऱ्यांदा अक्षराच्या क्रमांकाच्या जागेकडे पाहील, मग पुन्हा तुमच्याकडे. 'पाणी' हा शब्द घ्या. पाच, एक: प. आठ, एक: काना. तीन, पाच: ण. आठ, दोन: वेलांटी. आठ वेळा नजर फिरली आणि मुलाने पाणी मागितले. शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला तर तो पुरा धरायचा. आठ, एक आणि आठ, दोन. चार नजरांत मूल 'आई' म्हणाले!

पण याच्या आधीची पायरी सोडू नका. वर पाहिले की 'हो' आणि डोळे घट्ट मिटले की 'नाही', एवढे पहिल्यांदा पक्के करा. प्रत्येक शब्दानंतर विचारा, "हेच म्हणायचंय ना?" आणि उत्तराची वाट पाहा. आपण पुष्कळदा घाई करतो. मुलाने 'पा' म्हटले की आपण 'पाणी' आणून देतो. त्याला कदाचित 'पाऊस' म्हणायचे असेल. त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा अन्यायच आहे, मग तो कितीही मायेने केलेला असो. डोळे लवकर थकतात, म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटेच पुरे. काही मुलांना डोळे स्थिर ठेवणेही जमत नाही. त्यांच्यासाठी बोबीची रीत आहे, म्हणजे तुम्ही वर्ग म्हणत जा आणि त्याने कशानेही खूण करावी. जवळपास वाचा-उपचारतज्ज्ञ असेल तर त्याचा सल्ला जरूर घ्या.

आता शेवटचे. जे मूल बोलत नाही, त्याला पुष्कळ घरांत आणि काही शाळांतही अक्षरे शिकवत नाहीत. "त्याला काय करायचंय बाराखडी?" असे म्हणतात. पण विचार करा. बोलत्या मुलाचे अक्षरांवाचून एक वेळ चालेल. त्याला जीभ आहे. ज्याला जीभ नाही त्याला बोलण्याचा मार्गच अक्षरांतून जातो. अक्षर ओळखत नसेल तर लाखाचे यंत्र पुढे ठेवले तरी नजर कुठे रेंगाळणार? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात संवादाच्या पर्यायी साधनांना जागा दिली आहे आणि शाळांत त्यांचा वापर वाढवावा असेही म्हटले आहे. कायदा दार उघडतो. आत नेण्याचे काम गुरुजींचे आणि बाईंचे आहे.

गणपत कृष्णाजींच्या दगडापासून पुण्याच्या संगणकापर्यंत मराठी अक्षराने दीडशे वर्षांहून अधिक वाट चालली. ती वाट दरवेळी हाताने चालली. आता ती नजरेने चालायची आहे. तुमच्या वर्गाच्या कोपऱ्यात, किंवा वर्गात कधी आणलेच नाही अशा एखाद्या घराच्या ओटीवर, एक मूल तुमच्याकडे टक लावून पाहत असेल. ते नुसते पाहत आहे असे समजू नका. उद्या त्याच्यासमोर जाऊन बसा आणि 'क'पासून सुरुवात करा.